दोन दातांमधली कीड एक्स-रेमध्ये लवकर कशी सापडेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरशात दात स्वच्छ दिसतात, ठणकाही नाही. मग दोन दातांच्या मध्ये कीड आली कुठून?

शेजारच्या दोन दाढा एकमेकींना एका छोट्याशा जागी टेकलेल्या असतात. त्या जागेच्या जरा हिरडीकडच्या बाजूला ब्रशचे केस पोहोचत नाहीत आणि जीभही पोहोचत नाही. तिथला जिवाणूंचा थर दिवसच्या दिवस तसाच राहतो, साखर मिळाली की आम्ल तयार करतो आणि इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातली, खनिजं विरघळायला लागतात. चावण्याचा वरचा भाग शाबूत असल्यामुळे आरशात काही कळत नाही. इनॅमलला संवेदना नसते, त्यामुळे दुखतही नाही. ठणका सुरू होतो तोवर कीड बहुतेक वेळा डेंटिनमध्ये (इनॅमलच्या आतल्या थरात) खोलवर, नसेच्या जवळ पोहोचलेली असते.

काही खुणा त्याआधी दिसू शकतात. एकाच ठिकाणी फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) अडकून त्याचे धागे सुटायला लागतात, पूर्वी न अडकणारं अन्न अडकायला लागतं, दाढेच्या कडेला इनॅमलखालून करडी छटा दिसते. पण सुरुवातीच्या टप्प्यात यातलं काहीही नसतं. तो टप्पा पकडण्यासाठी एक्स-रे लागतो.

एक्स-रेमध्ये ती नेमकी कशी दिसते?

इनॅमल सगळ्यात पांढरं, डेंटिन करडं आणि मधली नस काळपट दिसते. कीड लागलेल्या जागी खनिजं कमी झालेली असतात, म्हणून किरण जास्त आरपार जातात आणि ती जागा काळी पडते. इनॅमलमध्ये तिचा आकार बहुधा त्रिकोणी असतो. पाया दाताच्या बाहेरच्या बाजूला, टोक आत. डेंटिनच्या सीमेला पोहोचली की ती सीमेलगत पसरते आणि तिथून दुसरा त्रिकोण नसेच्या दिशेने सुरू होतो.

दंतवैद्य तिची खोली टप्प्यांत लिहितात. इनॅमलच्या बाहेरच्या अर्ध्यात असेल तर ई-१, आतल्या अर्ध्यात ई-२, आणि पुढे डेंटिनच्या तीन भागांसाठी डी-१ ते डी-३. ही नोंद तुमच्या कागदावर नसेल तर जरूर मागून घ्या. नुसतं ‘कीड आहे’ या दोन शब्दांवरून उपचार ठरवता येत नाही.

एक्स-रेत दिसली नाही, म्हणजे कीड नाही असं समजायचं का?

नाही. हा मुद्दा नीट कळावा म्हणून एक ढोबळ हिशेब मांडतो.

गालाकडून जिभेपर्यंत मोजली तर दाढ साधारण १० मिलिमीटर जाड असते. एक्स-रेचा किरण ही सगळी जाडी ओलांडून तोंडात ठेवलेल्या, चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर पोहोचतो. समजा, त्याच्या वाटेत कीड २ मिलिमीटर रुंद आहे आणि तिथली ३० टक्के खनिजं गेली आहेत. म्हणजे वाटेतून जेमतेम ०.६ मिलिमीटरइतकं द्रव्य कमी झालं. उरलेला सगळा निरोगी दात त्याच वाटेवर उभा आहे, आणि चित्रात त्या दोघांची बेरीज उमटते. दाताच्या कडेला ही वाट थोडी आखूड असते, त्यामुळे फरक जरा वाढतो, पण तरीही तो करड्या रंगाच्या दोन जवळजवळच्या छटांमधला फरक असतो. साधारण ३० ते ४० टक्के खनिजं गेल्याशिवाय कीड एक्स-रेत दिसत नाही असं पाठ्यपुस्तकं सांगतात, ते यामुळेच.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, इनॅमलपुरती असलेली कीड एक्स-रेत बरेचदा निसटते. अनुभवी दंतवैद्याने ‘इथे आहे’ म्हटलं तर ते सहसा खरं ठरतं, पण ‘इथे नाही’ हे तितक्या भरवशाचं नसतं. दोन, दिसते त्यापेक्षा कीड प्रत्यक्षात बहुधा थोडी खोल गेलेली असते.

यासाठी कोणता एक्स-रे काढायचा? ओपीजीमध्ये (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये) तर सगळेच दात दिसतात.

बाइटविंग काढायचा. हॉवर्ड रायली रेपर या अमेरिकन दंतवैद्याने ही पद्धत १९२५ मध्ये मांडली. शंभर वर्षं झाली, तरी दोन दातांमधल्या किडीसाठी आजही तीच पहिली निवड आहे. यात वरच्या आणि खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात येतात. सेन्सर दातांना अगदी जवळ आणि समांतर असतो, त्यामुळे बारकावे टिकतात.

ओपीजीमध्ये यंत्र डोक्याभोवती फिरतं, दात एकमेकांवर चढलेले दिसतात, विशेषतः उपदाढांपाशी (सुळा आणि दाढा यांच्या मधल्या दातांपाशी), आणि रेषा तितक्या धारदार येत नाहीत. अक्कलदाढ किंवा जबड्याचं हाड बघायला तो उत्तम आहे. पण ओपीजीवर कीड दिसली नाही एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. सीबीसीटी (त्रिमितीय स्कॅन) तर निव्वळ किडीच्या शोधासाठी काढूच नये. त्याचा डोस जास्त असतो आणि जवळपास धातूचं फिलिंग किंवा कॅप असेल तर त्याच्याभोवती काळे पट्टे उमटतात. ते हुबेहूब किडीसारखे दिसतात.

एक्स-रे काढताना काय चुकतं?

माझ्या मते निसटलेल्या किडीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. वाचणाऱ्याची नजर आणि सॉफ्टवेअर यांची पाळी नंतर येते.

सगळ्यात मोठी चूक आडव्या कोनाची. कपाटात खेटून ठेवलेल्या पुस्तकांच्या फटीतून पलीकडचं बघायचं तर डोळा फटीच्या अगदी समोर आणावा लागतो, जरा तिरका झाला की फट मिटते. किरणाचंही तसंच. तो दोन दातांच्या फटीतून सरळ गेला तर दोन्ही इनॅमलच्या कडा सुट्या दिसतात आणि मध्ये बारीक काळी रेघ येते. तिरका गेला तर कडा एकमेकींवर चढतात आणि त्या जागी दोन्हीपेक्षा जास्त पांढरा पट्टा उमटतो. त्या पट्ट्यात लहान कीड असेल तर जगातला कोणताही तज्ज्ञ ती सांगू शकणार नाही. ती माहिती चित्रात आलेलीच नसते.

अडचण अशी, की सगळ्या फटींची दिशा एक नसते. उपदाढांच्या फटी एका दिशेला, दाढांच्या जराशा वेगळ्या, आणि वरच्या-खालच्या जबड्यांतही फरक. म्हणून मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाजूला सहसा दोन बाइटविंग लागतात, एक उपदाढांसाठी आणि एक दाढांसाठी. लांब फिल्म घेऊन एकाच चित्रात सगळं उरकायचा मोह होतो, पण मग कुठल्या तरी फटी मिटतातच. उपदाढांच्या चित्रात सुळ्याची मागची कड यायलाच हवी. सेन्सर टोचतो म्हणून तो मागे सरकवला जातो आणि नेमकी हीच कड सुटते.

सेन्सर तोंडात धरून ठेवणारा होल्डर वापरावा. नुसत्या अंदाजाने कोन लावण्यापेक्षा रिंग असलेल्या होल्डरने किरण सोडणारी ट्यूब योग्य जागी येते. मात्र होल्डरसुद्धा तिरका बसू शकतो. कोणते दात बघायचे आहेत ते आधी ठरवून सेन्सर त्या रांगेला समांतर ठेवायचा. होल्डरशिवाय, चावायच्या पट्टीवर काढायचा असेल तर ट्यूब वरून ५ ते १० अंश खाली झुकवतात. रुग्णाने दात घट्ट मिटलेले हवेत. तोंड जरा जरी उघडं राहिलं तरी सेन्सर सरकतो.

आणखी एक सुधारणा स्वस्त असूनही दुर्लक्षित राहते. गोल ट्यूबऐवजी चौकोनी कॉलिमेटर (किरणांचा झोत आवरून धरणारा भाग) लावला तर डोस निम्म्याने किंवा त्याहूनही कमी होतो. इकडेतिकडे विखुरणारे किरण घटल्यामुळे चित्रही जास्त स्पष्ट येतं. कोन चुकला तर चित्राचा कोपरा कोरा राहण्याची शक्यता वाढते, पण होल्डर असेल तर ही भीती फारशी उरत नाही.

फट मिटलेली दिसली तर एक्स-रे पुन्हा काढायचा का?

सरसकट नाही. त्या जागी कीड असल्याची शंका असेल, किंवा रुग्णाला आधीपासून बऱ्याच किडी असतील, तर तेवढ्याच जागेसाठी पुन्हा काढावा. शंका नसेल तर ‘ही फट वाचता आली नाही’ असं स्पष्ट लिहून ठेवावं आणि पुढच्या वेळी तिथला कोन जपावा. न वाचता आलेल्या जागेपुढे ‘ठीक’ लिहिणं मात्र अजिबात चालणार नाही.

फिल्म, प्लेट की सेन्सर? डिजिटलमध्ये जास्त कीड दिसते का?

फरक लोकांना वाटतो तितका नाही. नीट काढलेल्या तिन्हींमध्ये कीड ओळखण्याची क्षमता जवळपास सारखीच आढळते. डिजिटलचा खरा फायदा कमी डोस, लगेच दिसणारं चित्र आणि जुन्या चित्राशी सहज होणारी तुलना हा आहे. सेन्सर जाड आणि कडक असतो, तोंडात त्रास देतो, त्यामुळे कोन बिघडण्याची शक्यता वाढते. फॉस्फर प्लेट पातळ आणि सोयीची, पण तिच्यावर ओरखडे पडतात आणि स्कॅन करायला उशीर झाला किंवा उजेड लागला तर चित्र फिकं पडतं. ओरखडे पडलेल्या प्लेट वेळेवर बदला.

लहान मुलं सेन्सर तोंडात धरतच नाहीत. काय करायचं?

लहान आकाराची प्लेट किंवा सेन्सर घ्यायचा, साइज ०. आधी तो मुलाच्या हातात द्यायचा आणि ट्यूब आधीच जवळ आणून ठेवायची, म्हणजे चावल्यावर थांबावं लागत नाही. उलटीसारखं होत असेल तर नाकाने श्वास घ्यायला सांगायचं आणि सोप्या बाजूने सुरुवात करायची. दुधाच्या दाढा रुंद पट्ट्याने एकमेकींना टेकतात आणि त्यांचं इनॅमल पातळ असतं, त्यामुळे कीड नसेपर्यंत लवकर पोहोचते. दाढांच्या मध्ये मोकळी फट दिसत असेल आणि दोन्ही कडा डोळ्यांनी बघता येत असतील, तर एक्स-रेची गरजच नाही.

चित्र मोठं करून, कॉन्ट्रास्ट वाढवून पाहिलं तर फायदा होतो का?

थोडा होतो, बेतानेच करायचा. चित्र मोठं करून बघणं चांगलं, पण ठिपके दिसायला लागतील इतकं नको. कॉन्ट्रास्ट वाढवला की करड्या छटांमधला फरक उठून दिसतो. पण कडा धारदार करणारा फिल्टर फिलिंगच्या भोवती काळी किनार तयार करतो, आणि ती किनार बघून चांगलं फिलिंग काढलं जाण्याचा धोका असतो. मूळ चित्र आधी बघायचं, मग बदललेलं. बदललेल्यात दिसलेली गोष्ट मूळ चित्रात अजिबात सापडत नसेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नये.

खोलीतला उजेड कमी करणं हा सगळ्यात साधा उपाय. खिडकीच्या प्रकाशात चमकणाऱ्या पडद्यावर बारीक छटा हरवून जातात. रुग्णाच्या खुर्चीवरचा दिवा चालू ठेवून, उभ्या-उभ्या एक्स-रे वाचू नये.

काळं दिसलं की कीडच असते का?

नाही, आणि विनाकारण झालेल्या फिलिंगचं हे एक मोठं कारण आहे.

इनॅमल संपतं तिथून हाडाच्या कडेपर्यंतचा दाताचा मानेचा भाग पातळ असतो. वर इनॅमल, खाली हाड, त्यामुळे मधला भाग काळपट दिसतो. याला सर्व्हायकल बर्नआउट म्हणतात. खरी कीड टेकण्याच्या जागेलगत असते, ही छटा तिच्यापेक्षा हिरडीकडे असते. शिवाय कोन थोडा बदलला की ती बहुधा फिकी पडते किंवा नाहीशी होते. मुळावरची खरी कीड मात्र नेमकी याच पट्ट्यात येते, म्हणून हिरडी उतरलेल्या वयस्कर रुग्णात तिथे प्रोबने, म्हणजे बारीक टोकाच्या अवजाराने, तपासून बघावंच लागतं.

दुसरा फसवा प्रकार नजरेचा. पांढरं इनॅमल आणि करडं डेंटिन जिथे भेटतात तिथे डोळा स्वतःच एक काळी रेघ तयार करतो. याला माख पट्टा म्हणतात. कागदाने इनॅमलचा भाग झाकला आणि रेघ गेली, तर तो नजरेचा खेळ. वरच्या पहिल्या उपदाढेच्या पुढच्या बाजूला नैसर्गिक खोलगट भाग असतो, तोही काळा दिसतो. दाताच्या रंगाची काही जुनी कॉम्पोझिट फिलिंग किंवा त्यांच्याखालचा बाँडिंगचा थर एक्स-रेत काळा दिसतो. अशा वेळी जुनी नोंद बघितली तर फिलिंग वाचतं.

एआय कीड शोधतो म्हणतात. त्यावर कितपत भरवसा ठेवायचा?

संगणकाची मदत घ्यायची कल्पना जुनीच आहे. डीप लर्निंग आल्यापासून मात्र चित्र पालटलं. सॉफ्टवेअर बाइटविंगवर संशयित जागा रंगवून दाखवतं आणि इनॅमलमधली बारीक कीड दाखवण्यात खरोखर उपयोगी पडतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत २२ दंतवैद्यांनी बाइटविंग वाचले, काही एआयच्या मदतीने, काही त्याच्याविना. एआय असताना जास्त किडी सापडल्या. पण त्याच वेळी दात कोरण्याचे निर्णयही वाढले.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. इनॅमलमधली कीड लवकर सापडावी असं आपल्याला वाटतं, कारण ती ड्रिल न लावता थांबवता येते. ती सापडली म्हणून दात कोरला, तर लवकर शोधून रुग्णाचं नुकसानच केलं. त्यामुळे आधी स्वतः वाचावं, नोंद करावी आणि मगच एआयची खूण उघडावी. आधीच रंग दिसला तर नजर तिथेच खिळते आणि शेजारची न रंगवलेली जागा राहून जाते.

एआय शिकतो कशावरून? त्याला ‘खरं उत्तर’ कोण सांगतं?

बहुतेक वेळा तज्ज्ञ. ते चित्रांवर किडीच्या जागा आखून देतात आणि सॉफ्टवेअर त्यावरून शिकतं. पण तज्ज्ञांचंही एकमेकांशी जमत नाही, विशेषतः ई-१ च्या बाबतीत. आणि चित्रावरूनच आखलेलं उत्तर चित्राच्या पलीकडचं शिकवू शकत नाही. जास्त भक्कम उत्तर हवं असेल तर काढलेल्या दातांचे एक्स-रे घेऊन, मग तेच दात कापून सूक्ष्मदर्शकाखाली किंवा मायक्रो-सीटीमध्ये (अतिसूक्ष्म त्रिमितीय स्कॅनमध्ये) बघावे लागतात. हे कष्टाचं काम आहे, आणि काढलेला दात म्हणजे तोंडातला दात नव्हे.

असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. मिटलेल्या फटींसाठी ‘वाचता येत नाही’ हा तिसरा पर्याय ठेवा. आहे किंवा नाही एवढ्या दोनच उत्तरांत शिकलेला एआय पांढऱ्या पट्ट्यावरही छातीठोकपणे ‘नाही’ सांगतो. तसंच, एका कंपनीच्या सेन्सरवर शिकलेला एआय दुसऱ्या सेन्सरवर ढिला पडू शकतो. आपल्या दवाखान्यातल्या चित्रांवर तो तपासून बघितल्याशिवाय वापरू नये.

एक्स-रे न काढता कीड दिसू शकते का?

काही प्रमाणात. दातावर तीव्र प्रकाश टाकला की किडलेला भाग सावलीसारखा दिसतो. नियर-इन्फ्रारेड, म्हणजे दृश्य प्रकाशालगतच्या अवरक्त प्रकाशावर चालणारे कॅमेरे हेच जास्त चांगलं दाखवतात आणि त्यात किरणोत्सर्ग नसतो. गरोदर स्त्री, लहान मूल, किंवा वरचेवर नजर ठेवायची आहे अशी कीड, अशा वेळी ते कामाचे आहेत. पण कीड नसेच्या किती जवळ आहे हे त्यांना सांगता येत नाही.

आणखी एक जुनी, साधी युक्ती आहे. दात सरळ करणारे ऑर्थोडॉन्टिस्ट वापरतात तशी रबराची रिंग दोन दाढांच्या मध्ये काही दिवस ठेवली की फट जराशी उघडते. मग पृष्ठभाग थेट बघता येतो आणि खड्डा पडला आहे की नाही ते कळतं. ही गोष्ट एक्स-रेवरून नक्की सांगता येत नाही.

किती वेळा काढायचा? किरणांचा धोका किती?

नीट काढलेल्या एका डिजिटल बाइटविंगचा डोस काही मायक्रोसिव्हर्टच असतो. माती, आकाश आणि हवेतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला साधारण ६ ते ७ मायक्रोसिव्हर्ट. धोका फार कमी आहे, पण शून्य नाही, म्हणून गरज नसताना काढू नये.

दर सहा महिन्यांनी सगळ्यांचे एक्स-रे, ही सवय चुकीची. अमेरिकेतल्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार किडीचा धोका जास्त असलेल्या मुलांत ६ ते १२ महिन्यांनी, प्रौढांत ६ ते १८ महिन्यांनी, आणि धोका कमी असलेल्या प्रौढांत २४ ते ३६ महिन्यांनी बाइटविंग काढावे, असं होतं. धोका जास्त की कमी हे तपासणीनंतर ठरतं.

लेड एप्रनबद्दलही विचारतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या तज्ज्ञ गटाने २०२४ मध्ये एप्रन आणि थायरॉइड कॉलर यांचा सरसकट वापर थांबवण्याची शिफारस केली. चांगल्या कॉलिमेटरने किरण मर्यादित ठेवणं जास्त परिणामकारक असतं. तुमच्याकडचा नियम एप्रन सक्तीचा करत असेल तर तो घालायचाच.

एक डॉक्टर म्हणाले थांबू, दुसरे म्हणाले लगेच भरा. कोणाचं ऐकू?

टप्पा विचारा आणि खड्डा पडला आहे का ते विचारा. इनॅमलपुरती कीड असेल तर पृष्ठभाग बहुधा शाबूत असतो. तिथे फ्लोराइड टूथपेस्ट, फ्लोराइड वार्निश, दातांच्या मधली रोजची सफाई आणि साखर खाण्याच्या वेळा कमी करणं, एवढ्यावर ती थांबू शकते. ई-२ किंवा डेंटिनच्या अगदी सुरुवातीला असेल आणि खड्डा नसेल, तर रेझिन इन्फिल्ट्रेशनचा पर्याय आहे. यात ड्रिल न वापरता पातळ रेझिन किडलेल्या भागात मुरवतात. डेंटिनमध्ये खोल गेली असेल तर खड्डा जवळपास नक्की असतो, तिथे थांबण्यात अर्थ नाही. मधला डी-१ चा टप्पा खरोखर अवघड. तिथे दोन प्रामाणिक डॉक्टरांचं मत वेगळं असू शकतं, आणि रबराची रिंग घालून बघणं हा मला त्यातला सगळ्यात योग्य मार्ग वाटतो.

जुने एक्स-रे जपून ठेवावेत का?

हो, आणि त्यांची मूळ डिजिटल फाइल मागून घ्या. पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरत नाही, त्यात बारीक छटा निघून जातात. एक चित्र फक्त आजची स्थिती सांगतं. कीड वाढते आहे की थांबली, हे दोन चित्रं शेजारी ठेवल्यावर कळतं. थांबलेल्या किडीचा डाग एक्स-रेत वर्षानुवर्षं तसाच दिसत राहतो, आणि जुनं चित्र हाताशी नसेल तर नवा डॉक्टर त्याला नवी कीड समजू शकतो. मात्र तुलनेसाठी दोन्ही वेळचा कोन सारखा हवा. कोन बदलला तर तीच कीड लहान किंवा मोठी झाल्यासारखी दिसते. म्हणून कोणता होल्डर वापरला आणि सेन्सर कुठवर पुढे ठेवला याची एका ओळीची नोंद चित्रासोबत ठेवायला डॉक्टरांना सांगा.